मी आहो ना मांगं

बास्केटबॉलच्या सामन्यात टेबलावर बसलेला माणूस गुण लिहितो, फाऊल लिहितो. कुणी किती बास्केट केल्या, कुणाचे किती फ्री थ्रो वाया गेले, सगळं कागदावर उतरतं. जी बास्केट होता होता राहिली ती कुणामुळे राहिली, याला मात्र त्या कागदावर रकाना नसतो. बचावाचं बहुतेक काम असं बेनावाचं असतं. त्याच कामात मला धर्मविचारातला एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. आपल्या वाट्याला आलेलं काम चोख केलं की माणूस सुटला का? की शेजारच्याच्या वाट्याचंही आपण काही देणं लागतो?

मी अकोल्यात तत्त्वज्ञान शिकवते. माहेर अमरावतीचं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, तिथल्या मुलीला मैदानाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळले. आता अकोल्यात शाळा आणि ज्युनियर कॉलेजच्या मुलींचा एक संघ सराव करतो, तिथे मी असते. आमच्या पिढीतल्या काही जणीही मुलींसोबत मैदानात उतरतात. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एक बँकेत आहे, एक पोलिसात. गुडघ्याला पट्टा, केस घट्ट बांधलेले, डबा आणि गाडीची किल्ली बाकावर ठेवलेली. मुली त्यांना ताई म्हणतात.

ताई यायच्या आधीही मुली काही कमी नव्हत्या. पळायला वारा, उडी उंच, दम भरपूर. तरीही समोरच्या संघाच्या बास्केट सहज व्हायच्या. कारण उघड होतं. मॅन टू मॅन खेळायचं म्हणजे आपापली मुलगी धरायची, असं त्यांना शिकवलेलं. ते त्या इमानाने करत. समोरची एखादी चकवून आत शिरली की बाकीच्या चौघी आपापल्या खेळाडूला चिकटून उभ्या राहत आणि बास्केट होताना पाहत. मग कुणीतरी विचारायचं, "कोनाची होती थे?" लगेच उत्तर यायचं, "माही नव्हती."

ते उत्तर खोटं नव्हतं. पाचांतल्या चौघींनी आपलं काम अगदी नेमाने केलं होतं. आणि तरी संघाचं नुकसान झालं होतं. नीतिशास्त्राच्या वर्गात मी तासभर बोलून जे मांडू शकत नाही, ते त्या एका वाक्यात होतं. प्रत्येकाने फक्त आपलं कर्तव्य केलं, तरी सगळ्यांचं मिळून अकर्तव्य होऊ शकतं.

बँकेतल्या ताईने हे कसं बदललं, ते मी जवळून पाहिलं. ती मागच्या बाजूला, बास्केटच्या जवळ उभी राहते. एक हात स्वतःच्या खेळाडूच्या दिशेने, दुसरा बॉलच्या दिशेने. अंग असं वळवलेलं की दोन्ही एकाच नजरेत राहावेत. आणि ती सतत बोलत असते. "स्क्रीन आली, डावीकडून." "बॉलकडे नोको पाहू, तिच्या कमरेकडे पाह्य." हाताने, डोळ्यांनी, खांद्याने हूल देता येते, कंबर हूल देत नाही. ती जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. हे तिला वीस वर्षांच्या खेळाने शिकवलं आणि मुलीला ते एका हाकेत मिळालं.

मग समोरची गार्ड बेसलाईनने आत घुसते. ताई स्वतःची खेळाडू सोडते, दोन पावलं टाकून वाटेत दोन्ही पाय रोवून उभी राहते आणि धडक छातीवर घेते. शिट्टी वाजते, फाऊल समोरचीवर. पण खरी गोष्ट त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला घडलेली असते. ताईने सोडलेली खेळाडू मोकळी राहू नये म्हणून पलीकडची मुलगी खाली उतरलेली असते, आणि तिची जागा चौथीने अर्धी झाकलेली असते. तिघी जणी आपापलं माणूस सोडून दुसरीच्या माणसाकडे गेल्या, म्हणून पहिली चुकूनही संघ उघडा पडला नाही.

पुढे उभ्या असलेल्या मुलीला ताई एकच वाक्य सांगते. "घाबरू नोको, जाय अंगावर, मी आहो ना मांगं."

याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. चकवलं जाण्याच्या भीतीने जी मुलगी दीड-दोन पावलं मागे राहायची, ती आता समोरचीच्या श्वासाच्या अंतरावर जाते. तिचे पाय तेच, वेग तोच. बदललं ते एवढंच की आपण चुकलो तर सगळं संपलं, हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं. थोरली खेळाडू धाकटीला कौशल्य देते हे खरं, पण ते थोडंथोडं, सावकाश. निर्भयता ती एका संध्याकाळी देऊ शकते.

आता धर्माच्या प्रश्नाकडे येते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन विचार एकाच छताखाली राहतात. अध्यायाच्या शेवटाकडे स्वधर्माचा आग्रह आहे: दुसऱ्याचं काम कितीही चांगलं जमलं तरी आपलं उणंदुणं कामच श्रेयस्कर. पण त्याआधी, त्याच अध्यायात, लोकसंग्रहाचा विचार आला आहे. ज्याला स्वतःसाठी मिळवायचं काही उरलं नाही, त्यानेही लोक नीट चालावेत म्हणून काम करत राहावं. कारण श्रेष्ठ माणूस वागतो तसे इतर वागतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या दुसऱ्या विचारालाच मोठं बळ दिलं.

हे दोन विचार एकमेकांना छेद देतात, असं मला बरीच वर्षं शिकवताना वाटायचं. मैदानावर मला त्यांची जुळणी दिसली. ताई आपली खेळाडू विसरत नाही. तिचा एक हात कायम तिच्याकडे असतो. स्वधर्म म्हणजे आपण उभं राहण्याची जागा. तिथून नजर कुठवर न्यायची, हे लोकसंग्रह ठरवतो. ज्याला जागाच नाही तो मदतीला धावला तर गोंधळ वाढवतो. आणि जो जागेवरून हलतच नाही, त्याचं नेमाने उभं राहणं शेवटी कुणाच्या उपयोगाचं नसतं.

स्वधर्माचा दुसरा अर्थ लावून या देशात फार नुकसान झालं आहे, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. जन्माने नेमून दिलेलं काम म्हणजे स्वधर्म, असं सांगून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जखडली गेली. "तो आपल्यातला नाही" हे वाक्य "माही नव्हती" याचंच मोठं आणि क्रूर रूप आहे. अमरावतीला याचं उत्तर आपल्याच मातीतून मिळालं. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरात अमरावतीला परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या चळवळीत पुढे होते डॉ. पंजाबराव देशमुख. वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ते नुकतेच इंग्लंडहून परतले होते. त्यांना स्वतःला त्या मंदिराचं दार बंद नव्हतं. ज्याच्यासमोर दार उघडं आहे त्याने, ज्याच्यासमोर ते बंद आहे त्याच्या बाजूने जाऊन उभं राहायचं, हा त्यांनी मानलेला धर्म. धर्माचा अभ्यास केलेल्या माणसाने तो असा वाचला, याचं मला मोल वाटतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सगळेच दुसऱ्याच्या मदतीला धावले, तर आपल्या जागा कोण सांभाळणार? हे घडतंही. मदतीची गोडी लागलेल्या मुली सुरुवातीला तिघी-तिघी बॉलवर तुटून पडत, आणि कोपऱ्यात एकटी उभी असलेली समोरची खेळाडू निवांत बास्केट करी. सद्भावनेला क्रम नसेल तर तीही घात करते. म्हणून ताई हाकेसोबत क्रमही शिकवतात. मदतीला जायचं ते बास्केटजवळच्या खालच्या खेळाडूने. तिची जागा घ्यायची पलीकडच्या बाजूच्या खेळाडूने. बॉल बाहेर उभ्या खेळाडूकडे गेला की जी सर्वांत जवळ, ती तिच्यावर धावेल, मग ती खेळाडू कुणाचीही असो. आणि मदत करून झाली की तिथेच रेंगाळायचं नाही, परतायचं.

यात दयेला जागा नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे शेतात सावड असते. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. मैदानावर परतफेड अशी सरळ येत नाही. मी जिला वाचवलं ती मला वाचवत नाही. मला तिसरीच कुणी वाचवते, आणि तिला चौथी. उपकार करणारी आणि उपकार घेणारी अशा दोन बाजूच उरत नाहीत. त्यामुळे मदत करणारीला अहंकार होत नाही आणि मदत घेणारीला मिंधेपण येत नाही.

या खेळाच्या जन्मातच धर्माचा एक धागा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ बसवणारे जेम्स नेस्मिथ मॉन्ट्रियलच्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकलेले होते. त्यांनी लिहिलेल्या १३ नियमांत खांद्याने ढकलणं, धरणं, पाडणं, मारणं यांना सक्त मनाई होती. दुसऱ्यांदा कुणी असं केलं तर पुढची बास्केट होईपर्यंत त्याने बाहेर बसायचं. म्हणजे ज्याला अडवायचं त्याला हात लावायचा नाही. अडवायचं ते पायांनी, वेळेवर योग्य ठिकाणी पोचून. आजही पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. दमलेली मुलगी हात टाकते, कारण हात टाकणं सोपं असतं. पाय हलवायला कष्ट पडतात. ताई ओरडते, "हात नोको, पाय चालव." बळ न वापरता रक्षण करायचं तर आधी पोचावं लागतं, आणि आधी पोचायचं तर आधी दिसावं लागतं. जाणत्यांची गरज इथेच पडते. त्यांचे पाय मंदावलेले असतात, पण काय होणार आहे ते त्यांना लवकर दिसतं.

नेस्मिथ यांनी आपला खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आलेला पाहिला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. त्याच बर्लिनमध्ये त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवत होता, त्यांत कबड्डीही होती. कबड्डीचा सारा बचाव साखळीवर चालतो. एकटा बचावपटू तिथे फार टिकत नाही. आमच्या गावाला हे ज्ञान फार जुनं आहे.

राहिला फळाचा प्रश्न. अमेरिकेतल्या बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या बिल रसेल यांनी १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली. शेवटचे तीन हंगाम ते खेळाडूही होते आणि प्रशिक्षकही. बचावाचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांनी अडवलेल्या शॉटची अधिकृत नोंद नाही. ते १९६९ मध्ये निवृत्त झाले आणि ते ज्या लीगमध्ये खेळत तिने असे अडवलेले शॉट, म्हणजे ब्लॉक, मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून. कर्मफलाच्या त्यागावर आपण पुष्कळ बोलतो. बचाव करणाऱ्याला तो त्याग मनाने करावाही लागत नाही, फळ त्याच्या नावावर चढतच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव झाडू घेऊन फिरले. त्यांनी झाडलेल्या वाटांमुळे किती लेकरं आजारी पडली नाहीत, हे कुणी मोजू शकणार आहे का? न झालेल्या वाईटाची यादी करता येत नाही. तरी ते काम करणाऱ्याच्या जिवावरच गाव उभं असतं.

गीतेच्या त्याच अध्यायात जाणत्यांना आणखी एक सूचना आहे: ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांची बुद्धी डळमळीत करू नका, स्वतः काम करत त्यांच्याकडून करवून घ्या. ताई खेळ चालू असताना एकाही मुलीला तिची चूक सांगत नाहीत. आधी चूक झाकतात, मग पाणी पिताना शांतपणे सांगतात. आणि जसजशा मुली तयार होतात, तसतशा ताई बोलणं कमी करतात. परवा सोळा वर्षांच्या एका मुलीने पोलिसातल्या ताईला मागून आवाज दिला, "ताई, जा तुम्ही, मी आहो." ताई गेली.

आपलं काम चोख करून माणूस सुटतो का, या प्रश्नाला माझं उत्तर आता ठाम आहे. सुटत नाही. आपलं काम हा पाया आहे आणि तो कच्चा ठेवून चालणार नाही. पण आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचं माणूस निसटत असेल आणि आपण पोचू शकत असू, तर तेही आपलंच. ज्यांना आधी दिसतं, त्यांच्यावर याची जबाबदारी अधिक. वऱ्हाडात खेळलेली, शिकलेली, अनुभवाने पिकलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांतले बरेच जण कडेला बसून आजकालची पोरं कशी बिघडली ते सांगतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कडेवरून दिलेला सल्ला मुलांपर्यंत पोचत नाही. मैदानात उतरा, मागची जागा धरा, आणि पुढच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा की तुम्ही मागे आहात.