नकाराचे नैतिक मूल्य
कलावंताने एखाद्या ठिकाणी गाण्यास नकार देणे ही कृती मानावी की केवळ कृतीचा अभाव, हा नीतिशास्त्रातला, म्हणजे योग्यायोग्यतेची चिकित्सा करणाऱ्या शास्त्रातला, प्रश्न अमेरिकन रॉक गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट यांच्या चरित्रात ठळकपणे उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद जवळून पाहिल्यावर त्यांनी १९८५ मध्ये ‘सन सिटी’ हे गीत रचले आणि माइल्स डेव्हिस, बॉब डिलन, रन-डीएमसी अशा भिन्न परंपरांच्या कलावंतांना त्यात एकत्र आणले. सन सिटी हे बोफुथात्स्वाना या ‘बांटुस्तान’मधले, म्हणजे कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व हिरावून घेण्यासाठी कागदोपत्री स्वतंत्र ठरवलेल्या प्रदेशातले, कॅसिनो असलेले आलिशान विश्रामस्थळ होते, तेथे भरघोस मानधन घेऊन गाणारा कलावंत, त्याची इच्छा असो वा नसो, त्या बनावट स्वातंत्र्याला मान्यताच देत होता. म्हणूनच या गीतातून कलावंतांनी तेथे गाण्यास नकार जाहीर केला. कला राजकारणापलीकडची असते हा युक्तिवाद येथे टिकत नाही. भगवद्गीतेतला अकर्मात कर्म पाहण्याचा विचार या नकाराला चपखल लागू पडतो. पुढे ‘द सोप्रानोज’ या मालिकेतील सिल्व्हिओ दांतेच्या भूमिकेने व्हॅन झँट यांना अभिनेता म्हणून कीर्ती दिली. तरीही त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य ‘सन सिटी’ हेच मानले पाहिजे.