द्वारका दाखवायची राहूनच गेली

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८० आणि ८१

सुदाम्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. फाटकं उपरणं, मूठभर पोहे आणि शेवटी झोपडीच्या जागी उभा राहिलेला वाडा. या वेळी वाचताना मात्र मी एका वेगळ्याच गोष्टीपाशी अडकलो. इतक्या वर्षांनी जुना मित्र घरी आला आणि कृष्णानं त्याला द्वारका दाखवलीच नाही!

पहाऱ्याच्या तीन चौक्या आणि तीन चौक ओलांडून सुदामा आत येतो, तेवढंच त्याचं द्वारकादर्शन. कृष्ण त्याला दुरून पाहतो, धावत येऊन मिठी मारतो, पलंगावर बसवून स्वतः त्याचे पाय धुतो. मग दोघं एकमेकांचे हात हातात घेऊन बोलत बसतात. कृष्ण आधी त्याच्या घरचं विचारतो आणि नंतर म्हणतो, गुरुकुलातलं आठवतं का रे? सांदीपनींच्या घरी सरपण हवं होतं म्हणून दोघं रानात गेले होते. अवेळी वादळ आलं, अंधार पडला, वाट चुकली. रात्रभर एकमेकांचे हात धरून भटकले आणि सूर्य उगवल्यावर गुरुजी स्वतः त्यांना शोधत आले.

हे वाचलं आणि मला दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार आठवला.

माझा कुर्डुवाडीचा शाळासोबती सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरला. रात्रीच्या गाडीनं परत जाणार होता. मी आदल्या दिवशीच सगळा प्लॅन मोबाइलमध्ये करून ठेवला होता. सीएसएमटीच्या बाहेर पडल्या पडल्या सुरू झालो : ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे, हा राजाबाई टॉवर १८७८ चा. गेटवेला तर मी अगदी रंगात आलो. म्हटलं, १९११ साली इंग्रजांचा राजा आला त्याच्या स्मरणार्थ ही कमान, पण बांधून झाली १९२४ ला. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी! तो हसला. मीही हसलो.

मग सी लिंक. मग सिद्धिविनायक, तिथेही रांगेत उभा राहून मी पुढच्या ठिकाणाचं ट्रॅफिक बघत होतो. दुपारी महागड्या हॉटेलात जेवलो. त्याच्या खांद्याला दिवसभर एक कापडी पिशवी होती. "गाडीत ठेव की," मी दोनदा म्हणालो. "असू दे," तो म्हणाला.

आता खरं सांगतो. मी इतका बोलत होतो, कारण मला गप्प बसायची भीती वाटत होती. सहा महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी गेलो नाही. रिलीज होतं, रजा मिळणार नाही असं मीच ठरवून टाकलं, मागितलीसुद्धा नाही. व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या आणि हात जोडलेली एक इमोजी.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो. माझ्याकडची ठिकाणं संपली होती. तेव्हा त्यानं ती पिशवी उघडली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. "आईनं तुझ्यासाठी दिलीय. सकाळपासून काढावं का नको असं झालं होतं बघ. तुमच्या त्या हॉटेलात कुठं काढायची?"

मग समुद्राकडं बघत म्हणाला, "आठवतंय का लेका, आषाढीला आपण पंढरपुरात हरवलो होतो?"

आठवलं. कुर्डुवाडीहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं अण्णा आम्हा दोघांना घेऊन गेले होते. गर्दीत त्यांचा हात सुटला. आम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांचे हात घट्ट धरून रात्रभर बसलो. उजाडताना अण्णा आले. घसा पार बसला होता त्यांचा, हाका मारून मारून.

तेवढं आठवलं आणि माझा धीर सुटला. "मी यायला हवं होतं रे," एवढंच बोलता आलं. तो काही बोलला नाही. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि माझ्या हातात दिला.

मित्रांनो, त्या दिवशी शहर माझं होतं, गाडी माझी होती, बिलं मी भरली. म्हणजे द्वारका माझी होती. पण कृष्णाचं काम त्यानं केलं. 'आठवतंय का' हे त्यानं विचारलं, आणि रिकाम्या हातानं आलेला सुदामा निघालो मी.

मला वाटतं, कृष्ण द्वारका दाखवत नाही याचं कारण सोपं आहे. दाखवणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या वैभवाकडे असतं. कृष्णाचं लक्ष मित्राच्या काखेत लपवलेल्या पुरचुंडीकडे होतं. ती त्यानं स्वतः ओढून घेतली. माझ्यासमोर ती दिवसभर लोंबत होती आणि मी म्हणत होतो, गाडीत ठेव.

आपली पूजासुद्धा कधी कधी अशीच होते, नाही का? इतकी पारायणं, इतक्या वाऱ्या, इतका जप, सगळं देवाला मोजून दाखवायचं. आणि ज्याची लाज वाटते ते तेवढं पिशवीत बांधून ठेवायचं. त्याला तर नेमकं तेच हवं असतं.

आजची साधना : एक जुना माणूस आठवा, ज्याच्याकडे जायचं राहून गेलं. मेसेज नको, फोन करा. आपलं काही सांगू नका, आधी घरचं विचारा. आणि मग, 'आठवतंय का?'

मी पुढच्या एकादशीला कुर्डुवाडीला जातोय. अण्णांच्या फोटोला हार घालायचा आहे. उशीर झालाय, गेटवेच्या कमानीसारखा. पण कमान निदान पूर्ण तरी झाली.

राम कृष्ण हरी!