त्या पंधरा तासांबद्दल

फुलसावंगी, ता. महागाव
मृगाचा दुसरा दिवस

चि. भाचीबाईस,


काल तुझ्या आईचा फोन आला. रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती. म्हणे, पोरगी ट्रक शिकायला निघाली, तूच तिच्या डोक्यात भरलं. मी काही भरलेलं नाही. उलट तू पहिल्यांदा बापाच्या ट्रॅक्टरवर चढलीस तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो. पण आता निघालीसच आहेस, तर बावीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाचं थोडं ऐकून जा.

कागदपत्रांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वयाची वीस पूर्ण, कारचं लायसन एक वर्ष जुनं, डॉक्टरचा दाखला, मग शिकाऊ लायसन आणि निदान तीस दिवसांनी टेस्ट. (सातवीत शाळा सोडलेल्या तुझ्या भावालाही सांग, आठवी पासची अट 2019 मध्येच गेली.) आई म्हणेल, पिकअप चालवतेस तेवढं पुरे की. खरं आहे, साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला कारचंच लायसन चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलं. पण तुला जायचंय एसटीत, आणि बस चालवायची तर हेवी लायसनशिवाय भागत नाही.

मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. जड गाडीच्या शिकवणीला नियमानं किमान तीस दिवस लागतात, आणि त्यात प्रत्यक्ष हातात गाडी असल्याचे किमान पंधरा तास. पंधरा तास म्हणजे काय? इथून नागपूरला कापूस टाकून परत यायला तेवढे जातात. एका खेपेएवढी शिकवणी! आणि तीही पुरती मिळत नाही. स्कूलच्या एका गाडीत पाचसहा पोरं बसतात, एक चालवतो, बाकीचे मोबाइल बघतात, आणि वहीत तास सगळ्यांच्या नावावर पडतात. शेवटी स्कूलच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म पाचवर, सही-शिक्का, झाली शिकवणी.

मी तर तेवढंही केलं नाही. 1996 साली एका स्कूलवाल्याला पैसे दिले, तिसऱ्या दिवशी दाखला खिशात. आधी चार वर्षं क्लीनर होतो. गाडी मागंपुढं करायला येत होती. वाटलं, आपल्याला आता कोण काय शिकवणार?

त्याच हिवाळ्यात गठाणी भरून घाट उतरत होतो. मालकानं सांगून ठेवलेलं, उताराला न्यूट्रल मारायचं, डिझेल वाचतं. मारलं. तिसऱ्या वळणावर लायनरचा जळका वास आला. पाय दाबला. पेडल घट्ट, काट्यावर हवा पुरती, आणि गाडी मात्र जातच राहिली. ड्रम तापले की लायनर नुसतं घसरतं, धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. खालचा गिअर टाकायला गेलो तर त्या वेगात तो पडेचना. शेवटी डाव्या अंगाच्या मुरमाच्या ढिगावर गाडी चढवली. मला खरचटलं. क्लीनरचा उजवा हात मोडला, तो आजही कोपरात सरळ होत नाही. गावातच त्याची टपरी आहे, सकाळी मला डाव्या हातानं चहा देतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर. एवढं एक वाक्य कुणीतरी शेजारी बसून, खऱ्या उतारावर सांगायला हवं होतं.

म्हणून स्कूलवाल्याशी भांड. रिकाम्या गाडीवर शिकवतील, तर निदान दोन तास भरलेली माग. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही दोन वेगळी जनावरं आहेत. एक पाय ठेवताच थांबतं, दुसरं आधी विचार करतं. रिव्हर्स आरशात बघून शिक, क्लीनरच्या थापेवर विसंबू नको. डावीकडं वळताना मागची जोडी आत येते, आणि मोटारसायकलवाला नेमका तिथंच घुसलेला असतो. सकाळी हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. टॉमीनं प्रत्येक टायर ठोकायचं. भरलेलं टणकन वाजतं, बसलेलं थब्ब करतं. जोडीतलं एक बसलं असलं तरी दुसरं उभं असतं, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

आपल्या गावच्या त्या पोराची आठवण येते. 2021 च्या ऑगस्टात स्वतः जोडलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पातं तुटून गेला तो. हात होता, डोकं होतं, जिद्द होती. शेजारी उभं राहून 'थांब' म्हणणारं जाणतं माणूस मात्र नव्हतं. तुला ते मिळतंय, फी भरून का होईना.

आणि पोरगी म्हणून कुणी हसलं तर हसू दे. 2019 मध्ये यवतमाळला एसटीनं आदिवासी मुलींना बस शिकवायला घेतलं, तेव्हाही लोक हसलेच होते. पण 2023 च्या जूनमध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड–नीरा बस नेलीच. बसमधली माणसं चालवणारा कोण हे दोन थांबे बघतात, मग झोपतात.

एसटी लागेपर्यंत कुणाचा ट्रक चालवलास, तर मालकाला दोन गोष्टींना नाही म्हण. एक, पासिंगपेक्षा जास्त माल. कायद्यात दंड 20000 आणि वरच्या दर टनाला 2000, पण ब्रेकला दंडाशी देणंघेणं नसतं. दुसरं, रात्रभर जागरण. दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हा कायदा 1961 चा आहे. रस्त्यावर तो मी एकदाही पाळला नाही. म्हणूनच सांगतोय.

तुझ्या आईजवळ एक वही दिली आहे. रोज गाडीवरून उतरलीस की लिही: तारीख, कितीपासून किती, शेजारी कोण बसलं होतं, गाडी रिकामी की भरलेली. मागं बसलेला वेळ धरायचा नाही. पंधरा तास पुरे होईपर्यंत फॉर्म पाचला हात लावू नको, आणि टेस्टला जायच्या आधी ती वही मला आणून दाखव.

तुझा,
मामा