दुरुस्ती, अस्सलपणा आणि एक खेळयंत्र

एखादी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे ती राखणे की तिच्या जागी हळूहळू दुसरी वस्तू आणून ठेवणे, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने तो नोंदवला. एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते काय? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या फळ्या जपून कोणी त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्हा’त नागसेनाने रथाचे अवयव एकेक करून बाजूला काढले आणि ‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव असल्याचे राजाला पटवले. या साऱ्या दृष्टान्तांत एक उणीव मात्र राहते. फळी बदलणारा सुतार त्यांत कोठेच नाही. ज्याचे हात प्रत्यक्ष वस्तूवर आहेत त्याच्यापाशी हा प्रश्न नेला की तो तत्त्वमीमांसेतून नीतिविचाराकडे सरकतो. शिकागोत बनलेल्या जुन्या पिनबॉल यंत्राचा सर्किट बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर हा असा एक सुतार आहे.

पिनबॉल हा बागाटेलचा वंशज. उतरत्या फळीवर स्प्रिंगच्या दांड्याने पोलादी गोळी सोडायची आणि ती कोठे आपटते त्यावर गुण मिळवायचे, इतका हा साधा खेळ. १९३१ साली गॉटलीबच्या ‘बॅफल बॉल’ने त्याला मोठा बाजार मिळवून दिला. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’त फ्लिपर आले आणि दैवाच्या खेळात कौशल्याचा शिरकाव झाला. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्याला जुगार ठरवून घातलेली बंदी १९७६ मध्ये उठली. त्याच सुमारास रिले आणि फिरती गणकचाके मागे पडून यंत्राच्या उभ्या पेटीत, रंगीत काचेच्या आड, मायक्रोप्रोसेसर येऊन बसला.

बॅली कंपनीच्या त्या काळातील यंत्रांत मोटोरोलाचा ६८०० हा प्रोसेसर असे. त्याच बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. तिचे काम एकच: यंत्र बंद असताना एका लहानशा स्मृती-चिपला जागे ठेवणे. सर्वोच्च गुणसंख्या, शिल्लक राहिलेले डाव, किती नाणी पडली, किती डाव झाले, हे सारे त्या चिपमध्ये नोंदलेले असे. काही वर्षांनी ही बॅटरी पाझरू लागते. तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेघांवरून, हिरव्या लेपाच्या आतून, चिपच्या पायांपर्यंत सरकत जाते आणि जाईल तेथे निळसर-हिरवा गंज मागे ठेवते. स्मृती राखण्यासाठी जे बसवले त्यानेच बोर्ड पोखरला जातो. हे विधान रूपकासारखे वाटले तरी ती केवळ रसायनशास्त्राची करणी आहे.

दुरुस्तीचे काम चिकाटीचे आहे. प्रथम बॅटरी कापून काढायची, कारण ती आत असेपर्यंत बाकीचे श्रम व्यर्थ. अल्कली मारण्यासाठी पातळ व्हिनेगर लावायचे, मग पाण्याने व अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवायचा. गंजलेला भाग तांबे चकाकेपर्यंत घासायचा, कारण काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. चिपचे सॉकेट बदलायचे. जी रेघ खाऊन गेली असेल तिच्या जागी बारीक तार जोडायची. मग वीज द्यायची आणि बोर्डावरच्या तांबड्या दिव्याकडे पाहत राहायचे. सुरुवातीच्या क्षणिक लुकलुकीनंतर तो सात वेळा चमकला तर प्रोसेसरने आपले सर्व भाग तपासून मान्य केले असे समजायचे. चमक मध्येच थांबली तर ती कितवी होती यावरून दोष कोठे आहे ते कळते.

येथे एक व्यवहारी आक्षेप निघतो. हेच काम करणारे नवे बोर्ड आज विकत मिळतात. ते बसवले तरी खेळणाऱ्याच्या हाताला आणि कानाला फरक जाणवत नाही. बोर्ड तर काचेआड कोणालाच दिसत नाही. मग जुन्यासाठी इतका अट्टहास कशाला? या आक्षेपाला आणखी बळ देणारी एक गोष्ट आहे. बॅलीचा हा बोर्ड जन्मतःच अदलाबदलीचा होता. एकाच जातीचा बोर्ड अनेक यंत्रांत चाले. खेळ वेगळा ठरे तो प्रोग्रॅमच्या चिपमुळे आणि काही जोडण्यांमुळे. तेव्हा ज्याला ‘मूळचा’ म्हणून जपायचे तो बोर्ड कारखान्यातून त्याच यंत्राबरोबर निघाला होता, याची तरी खात्री कोणी द्यावी?

आक्षेप खरा आहे, आणि अस्सलपणा द्रव्यातच शोधणाऱ्यांना त्याचे उत्तर देता येत नाही. रस्किनने १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धाराला असत्य म्हटले होते. त्याचा निकष लावला तर एका तारेची जोडसुद्धा अपराध ठरेल आणि यंत्र कायमचे मुके राहील. न खेळता येणारे खेळयंत्र जपण्यात काय साधते, हे रस्किनच्या अनुयायांनीच सांगावे. चेझारे ब्रांदी या इटालियन विचारवंताने १९६३ मध्ये मांडलेली भूमिका अधिक सयुक्तिक आहे: भर घातलेला भाग दुरून चित्राशी एकरूप व्हावा, पण जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावा. त्याच्या परंपरेत भित्तिचित्राची गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात, त्यामागे हाच विचार आहे. संशयित पाठाखाली नागमोडी रेघ देणारा ग्रंथसंपादकही हेच करत असतो.

बोर्डाच्या पाठीवरची ती तार अशीच असते. ती समोरून दिसत नाही, पण बोर्ड उलटून पाहणाऱ्यापासून ती काही लपवतही नाही. नवा बोर्ड बसवण्यातही असत्य नाही; असत्य शिरते ते यंत्र विकताना ‘सर्व काही मूळचे’ असे सांगितले जाते तेव्हा. गंज खरवडून वरून हिरवा रंग फासणारे आणि आत रसायन तसेच ठेवणारे लोकही या व्यवसायात आहेत. असा बोर्ड विकला जाईपर्यंत टिकतो आणि घेणाऱ्याच्या घरी मरतो. तार लपवणारा आणि तार दाखवणारा या दोघांचे कौशल्य कदाचित सारखेच असेल. फरक पडतो तो पुढे हा बोर्ड हाती घेणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार कोणी केला यात.

त्या स्मृतीचे मात्र काही करता येत नाही. बॅटरी मेली तेव्हाच चिपमधल्या नोंदी गेल्या. कोणत्या दारूच्या गुत्त्यात किंवा बोलिंगच्या सभागृहात कोणी विक्रम केला, यंत्राने किती नाणी गिळली, याची माहिती दुरुस्तीने परत येत नाही. आता बॅटरीशिवाय टिकणारी स्मृती-चिप मिळते. पुष्कळ कारागीर जुन्या सॉकेटात तीच बसवतात, म्हणजे पुन्हा गळती नको. पहिल्यांदा वीज देताच सातव्या चमकेनंतर गुणफलक उजळतो आणि नोंदींच्या जागी काहीतरी अर्थहीन आकडे उमटतात. यंत्राच्या दारामागचे बटन दाबत कारागीर ते एकेक करून शून्यावर आणतो.