स्वातंत्र्य लादतां येईल काय?

स्वातंत्र्य ही दुसऱ्यास देतां येण्याजोगी वस्तु आहे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु तो एके दिवशीं आपल्याच घरांतील मेजावर येऊन बसेल, असें मला कधीं वाटलें नव्हतें. तो आला एका जुन्या संगणकाच्या निमित्तानें. निमित्त क्षुल्लक आहे, हें मी प्रथमच कबूल करतों. पण नीतीचे प्रश्न नेहमीं दरबारी पोषाखांतच येतात, असें थोडेंच आहे?

हकीकत अशी. चौक येथील आमच्या घरीं आठ-नऊ वर्षांपूर्वीं घेतलेला एक संगणक आहे. त्यावर ‘विंडोज १०’ ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नित्याची देखभाल थांबविली. ‘विंडोज ११’ घालावी, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आमचें यंत्र या कसोटीस उतरलें नाहीं. परवांपर्यंत धडधाकट काम करणारें यंत्र कागदोपत्रीं म्हातारें ठरलें. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकास त्याच्याविषयीं सहानुभूति वाटली, यांत नवल नाहीं.

मीं लिनक्सचा आश्रय करण्याचें ठरविलें. ज्या वाचकांस हें प्रकरण अपरिचित असेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें, कोणासही वापरतां, अभ्यासतां, बदलतां व वांटतां येईल अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्यें हेलसिंकीच्या लायनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिला पूरक असा गाभा लिहिला; तोच लिनक्स. पण नुसत्या गाभ्यानें घरचें काम भागत नाहीं. त्याभोंवतीं नाना प्रोग्रॅम रचून, तपासून, एकत्र बांधून जें पुढें ठेवतात त्यास वितरण, किंवा जाणकारांच्या बोलींत ‘डिस्ट्रो’, म्हणतात. आमचा हा मुलूख भाताचा. तांदूळ एकच; पण कोणी त्याची पेज करतो, कोणी भाकरी, कोणी मसालेभात. तसाच हा प्रकार. १९९३ पासूनचें डेबियन. त्याच्या आधारानें २००४ मध्यें निघालेलें उबंटू. उबंटूवरून २००६ मध्यें झालेलें मिंट. शिवाय फेडोरा, आर्च आणि इतर किती तरी.

यांतील भेद केवळ रंगरूपाचा नव्हे. डेबियनची नवी आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं येते. तींतील प्रोग्रॅम मुरलेले, म्हणून विश्वासाचे. फेडोराची सहा महिन्यांनीं येते. आर्चला आवृत्तीच नाहीं. त्यांत बदल सतत वाहत असतात. ज्यास प्रश्नपत्रिका छापावयाच्या आहेत त्यास मुरलेलें बरें. ज्याच्या यंत्रांत नवें ग्राफिक्स कार्ड आहे आणि ज्यास नवे खेळ खेळावयाचे आहेत त्यास ताजें बरें. त्यांतही एएमडीच्या कार्डाचा चालक गाभ्यांतच असतो, तर एनव्हिडियाचा बहुधा निराळा बसवावा लागतो. घालण्यापूर्वीं पुष्कळशीं वितरणें पेन ड्राइव्हवरून चालवून पाहतां येतात, ही सोय मोठी आहे.

मीं मात्र कांहीं चालवून पाहिलें नाहीं आणि कोणास विचारलेंही नाहीं. एका रविवारीं जुनें सर्व पुसून टाकलें आणि डेबियन घातलें. त्याच्यामागें तत्त्वनिष्ठ स्वयंसेवकांचा समाज आहे, कोणा एका कंपनीची मालकी नाहीं, हें मला मानवलें. आणि, खरें सांगावयाचें तर, मित्रमंडळींत सांगावयासही तें बरें वाटलें. घराला मीं एका कंपनीच्या जोखडांतून सोडविलें, अशा ऐटींत मी त्या सायंकाळीं वावरत होतों.

सौभाग्यवतींची कांहीं तक्रार झाली नाहीं. त्यांचा ब्राउझर पूर्वींचाच, हिशेबाचीं पत्रकेंही उघडलीं, आणि मराठी टंकलेखनास इन्स्क्रिप्टची सोय होती. अडलें तें चिरंजिवांचें. ते अभियांत्रिकीच्या वर्गांत आहेत, आणि रात्रीं जेवणानंतर गांवोगांव पांगलेल्या आपल्या शाळासोबत्यांशीं एक खेळ खेळतात. तो खेळ लिनक्सवर चालेना.

येथें थोडा खुलासा अवश्य आहे. विंडोजसाठीं लिहिलेले खेळ लिनक्सवर चालत नाहींत, ही समजूत आतां जुनी झाली. १९९३ पासून चाललेल्या ‘वाइन’ या उद्योगाच्या पायावर व्हॉल्व कंपनीनें २०१८ मध्यें ‘प्रोटॉन’ आणलें, आणि हजारों खेळांचा मार्ग मोकळा झाला. त्याच कंपनीचें २०२२ चें ‘स्टीम डेक’ हें हातांतील खेळयंत्र तर लिनक्सवरच चालतें. अडचण उरते ती बहुधा अनेकांनीं मिळून खेळावयाच्या कांहीं खेळांत. त्यांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो. तो कित्येक वेळां यंत्राच्या थेट गाभ्यांत ठाणें मांडूं पाहतो, आणि लिनक्सवाल्यांस आंत घ्यावें कीं नाहीं, हें खेळाचा कर्ता ठरवितो. ‘एपेक्स लेजंड्स’ या खेळाचें दार लिनक्सवाल्यांस कांहीं काळ उघडें होतें. २०२४ मध्यें तें बंद करण्यांत आलें.

मीं चिरंजिवांस व्याख्यान दिलें. जो पाहुणा खेळावयास येतों म्हणतो आणि घराची किल्ली मागतो, त्यास उंबऱ्याबाहेर ठेवावें, असा त्याचा मथितार्थ. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “बाबा, किल्ली कोणाला द्यायची तें ठरवण्याचा हक्क आतां माझा, असं तुम्ही सांगतां, पण ती तर तुम्हीं स्वतःच्याच खिशांत टाकलीत.”

या वाक्यानें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. रूसोनें १७६२ च्या आपल्या ग्रंथांत, माणसास सक्तीनेंही स्वतंत्र करावें लागेल अशा अर्थाचा विचार मांडला, आणि वर्गांत गेलीं कित्येक वर्षें मी त्यांतील धोका मुलांना समजावून देत आलों आहें. आगरकरांच्या पिढीनें मिल्लपासून जें घेतलें, कीं माणसाचें हित हें त्याच्यावर सक्ती करण्यास पुरेसें कारण नव्हे, तेंही मी शिकवितों. आणि घरीं येऊन मीं काय केलें? ज्या प्रणालीची पहिली प्रतिज्ञाच ‘वाटेल त्या हेतूनें वापरा’ अशी आहे, ती मीं माझ्या हेतूनें दुसऱ्यावर लादली. डेबियनमध्यें खोट नव्हती; खोट माझ्या निवडण्याच्या रीतींत होती.

पण मग ज्याला जें रुचेल तें त्यानें घ्यावें, एवढें म्हणून हात झाडावे काय? तसेंही मला म्हणवत नाहीं. चिरंजिवांची निवड तरी निखळ त्यांची कोठें होती? सोबती जेथें, तेथें जाणें त्यांस भाग होतें. आणि सोबती कोठें जमतील, हें दूरच्या एका कचेरींत ठरत होतें.

याचें उत्तर मला आमच्या गांवच्या रस्त्यावर सांपडलें. चौकावरून मुंबई-पुण्याचा जुना रस्ता जातो. जवळूनच २००२ मध्यें पुरा झालेला द्रुतगती मार्ग गेला आहे. त्यावर दुचाकीला मज्जाव, टोल देणें आलें, आणि वाटेल तेथें उतरतां येत नाहीं. म्हणून त्यावरून जाणाऱ्यास कोणी गुलाम म्हणत नाहीं. त्यास पुण्यास लवकर पोंचावयाचें असतें. पण उद्यां कोणी जुना रस्ता खणून टाकला, तर मात्र दुचाकीवाल्याची वाटच बुडाली, आणि मोटारवाल्याची निवडही संपली. कारण एकच वाट उरली म्हणजे निवड कसली? तेव्हां आपलें कर्तव्य द्रुतगती मार्गावर कांटे पसरण्याचें नसून जुना रस्ता दुरुस्त ठेवण्याचें आहे. स्वातंत्र्य दुसऱ्यास घालतां येत नाहीं. त्याची वाट तेवढी शाबूत ठेवतां येते.

आणि वाट आपोआप शाबूत राहत नाहीं. पडद्यावर जो मराठी शब्द दिसतो तो कोणी तरी बसून लिहिलेला असतो. मुंबईच्या आयआयटीनें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत असल्या प्रणालींचे पाठ मराठींतही सिद्ध केले आहेत. फुकट मिळालेल्या वस्तूचें ऋण पैशानें फिटत नाहीं, पण श्रमानें थोडें हलकें होतें. म्हणून मराठी भाषांतरांतील अशुद्धें सुधारण्याचें काम मीं हळूहळू अंगावर घेतलें आहे.

घरचा तंटा पुढें असा मिटला. चौघां-पांच वितरणांची पेन ड्राइव्हवरून परीक्षा झाली आणि सौभाग्यवतींच्या मतानें मिंट ठरलें. कारण त्याची मांडणी त्यांच्या हाताच्या संवयीची होती. डिस्कचा लहानसा भाग चिरंजिवांनीं जुन्या विंडोजसाठीं राखला. कंपनीनें नोंदणी करणारांस ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत देऊं केली होती, ती त्यांनीं घेतली. तेथें फक्त खेळ. बँकेचा व्यवहार नाहीं, घरचे कागद नाहींत. हा नियम मीं घातलेला नाहीं, त्यांचाच आहे. पाहुण्यास ओसरीवर बसवावें, माजघरांत नेऊं नये, इतकें तारतम्य त्यांस माझ्या व्याख्यानावांचूनही होतें.

मुदत संपल्यावर काय करणार, असें मीं त्यांस अद्याप विचारलेलें नाहीं. विचारण्याचा मोह फार होतो, पण आवरतों.