अंगठा कुणाचा?

आमच्या बीड जिल्ह्यात बाईची पिशवी काढली, हे आता कुणी दबक्या आवाजात सांगत नाही. दाढ काढली म्हणावं तसं सांगतात. 2019 साली सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येतं, "जबरदस्ती केली का कुणी? कागदावर अंगठा तिचाच आहे."

अंगठा तिचाच, खरंय. पण तो उठतो कसा ते बघा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या कष्टावर, हाती पडते नवऱ्याच्या. एक दिवस बुडला की खाडा, त्याचा दंड उचलीत चढतो. पहाटे भाकरी, दिवसभर फड, रात्री-अपरात्री डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. कोपीला ना न्हाणी ना संडास. पाळीत धुवायला पाणी नाही की आडोसा नाही. मग ओटीपोट दुखायला लागतं, अंगावरून जातं, ते सगळा हंगाम सोसायचं. गावी आल्यावर खासगी दवाखान्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. औषधपाणी करायचं तर पुन्हा पुन्हा खेटे. पिशवी काढली की पाळी नाही, खाडा नाही. बाई हिशेब करते आणि अंगठा उठवते.

दारात सावकार बसलेला असताना विकलेल्या बैलाला आपण राजीखुशीचा सौदा म्हणत नाही. मग इथंच का म्हणायचं?

कोल्हापूर-सांगलीकडच्या बागायतदाराच्या घरातल्या बाईलाही हेच दुखणं होतं. पण तिच्या घरी पाणी आहे, दोन दिवस पडून राहता येतं, डॉक्टरकडं परत जाता येतं. ऊस तिच्या रानात, खाडा आमच्या बाईला.

त्या पाहणीच्या सुमारास जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण परवानगीच्या कागदानं फडात पाणी येत नाही. पिशवीसोबत अंडाशयही गेलं, तर ऐन पस्तिशीत हाडं ठिसूळ होऊ लागतात. आणि पुढच्या दसऱ्याला मोळी उचलायचीच असते.

माणसाच्या 'हो'ला किंमत कधी? 'नाही' म्हटलं तरी त्याची चूल पेटणार असेल तेव्हा. तोवर त्या कागदावर अंगठा तिचा असला, तरी तो धरून टेकवणारे हात बरेच आहेत.