हातचं काम

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे पाली गाव लागतं. इथूनच नाणीज, साखरप्यावरून आंबा घाटाकडे रस्ता फुटतो. या रस्त्यांनी इथली तरुण माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर पडली, जास्त करून मुंबईला. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढत होती, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. किती घरांत आज म्हातारी माणसंच तेवढी राहिली असतील, याचा अंदाज त्यावरून येतो.

मुलं त्यांना विसरलेली नसतात. पैसे येतात, औषधं येतात, सोबतीला एखादी बाई ठेवली जाते. कुणी आईवडिलांना पुण्यातल्या 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या संकुलात नेतात, कुणी वृद्धाश्रमात. हे सगळं लागतंच. २००७च्या कायद्याने आईवडिलांचं अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी ही मुलांची जबाबदारी ठरवली, तीही योग्यच.

मग काळजी कुठे चुकते? बहुतेक वेळा ती प्रेमापोटीच चुकते. "आई, तू बसून राहा, आम्ही करतो," असं म्हणत आपण एकेक काम तिच्या हातून काढून घेतो. भाजी निवडायला दुसरं कुणी येतं, दिवा दुसरं कुणी लावतं, जेवणाची वेळही दुसरंच कुणी ठरवतं. पोट भरतं, गोळ्या वेळेवर मिळतात. पण आपल्यावाचून काही अडतं, ही भावना तिच्या दिवसातून निघून जाते.

अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धसेवागृहात केलेला अभ्यास १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या काही रहिवाशांना सांगितलं गेलं, की तुमच्या खोलीत काय कुठे असावं, वेळ कसा घालवावा, हे तुम्ही ठरवा. आणि सांभाळायला एकेक रोपही दिलं. बाकीच्यांनाही रोप मिळालं, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या. तीनच आठवड्यांत पहिल्या गटातली माणसं अधिक उत्साही, अधिक तरतरीत दिसू लागली. सेवा करणारी माणसं दोन्हीकडे होती. फरक होता तो जबाबदारीचा.

आपल्या कोकणात हे शिकवायला नको. आगोटीची तयारी, आमसुलांना रस किती वेळा लावायचा, फणसाची साठं कधी उलटायची, बियाण्याचं भात कुठलं राखायचं, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक असतं. त्यांची कंबर वाकली असेल, पण जाण शाबूत असते. टोपली उचलायला दुसरे हात द्यावेत. हुकूम त्यांचाच असू द्यावा.

शरीर खरोखरच थकतं, तेव्हा कामाचा आग्रह धरणं हाही जाच होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भात निवडायला लावता येत नाही. पण "आज पेज करू की मऊ भात?", "आंघोळ आत्ता की ऊन वर आल्यावर?" एवढं विचारता येतं, आणि उत्तराची वाट पाहता येते. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ देणं हीच मोठी सेवा आहे, घरात असो वा वृद्धाश्रमात. मदत करणाऱ्याने घाई केली की म्हातारं माणूस हळूहळू बोलायचंच सोडतं.

आज गावी फोन लागला, तर "गोळी घेतलीस का?" एवढ्यावर तो ठेवू नका. तुम्हाला खरंच अडलेलं काहीतरी विचारा: पोरीच्या स्थळाबद्दल, परड्यातल्या कलमाबद्दल, भावकीतल्या जुन्या वादाबद्दल. आणि त्यांनी सांगितलेलं पटलं, तर तसंच करा. नंतर पुन्हा फोन करून काय झालं तेही कळवा.